जिन्यातला बल्ब आणि दोरीचा कोपरा

जळलेली मोटार बघायची नसते, हुंगायची असते, असं तो म्हणायचा. कुणी पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप घेऊन दुकानात आलं की आधी नाक पुढे करायचा. मग "गेली" म्हणायचा, नाहीतर "अर्धी गेलीय". नाकाने दिलेला निकाल मीटरने कधी फिरवला नाही. त्यानंतर काळी पडलेली तार उपसायची, वेढे मोजायचे, वहीत लिहायचे आणि नव्या तांब्याच्या तारेचे बरोबर तेवढेच वेढे घालायचे. बत्तीस वर्षं हाच धंदा. आसपासच्या चार गल्ल्यांतले निम्मे पंखे त्याच्या हाताखालून गेलेले, म्हणून लोक त्याला वारेवाला म्हणत. त्याच्या स्वतःच्या दुकानात एकच टेबलफॅन होता आणि तोही गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला.

आता पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसाने पंखेच दुरुस्त करावेत. पण अकरा वर्षांपूर्वी एका माणसाने गाडीच्या रेडिएटरचा पंखा दुकानाच्या उंबऱ्याशी आणून ठेवला आणि तो चहा प्यायला निघून गेला. तेवढ्यात रस्त्यावरून वारा आला आणि पंखा आपला आपण फिरायला लागला. वारेवाल्याने त्याच्या दोन वायरींना टॉर्चचा बल्ब सहज लावून बघितला. बल्ब लाल झाला. पेटला म्हणवत नाही, पण लाल झाला. चारचौघं एवढ्यावर "अरे वा" म्हणून कामाला लागली असती. याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तडक स्वयंपाकघरात गेला.

"अगं, उलटं होतंय."

"काय उलटं?" बायकोने विचारलं.

"पंखा. वीज खाऊन वारा देतो ना? हा वारा खाऊन वीज देतोय."

"मग खाऊ दे की. तुम्ही आधी जेवून घ्या."

तो जेवला. पण काय जेवला ते त्याला संध्याकाळी सांगता आलं नाही. घरावर छोटी पवनचक्की बसवायची, घरातले दिवे वाऱ्यावर पेटवायचे, जमलं की गल्लीत घरोघरी बसवून द्यायच्या, इतकं सगळं त्याने हात धुवेपर्यंत ठरवलं होतं. आधी कळस मग पाया, ही त्याची जुनी खोड.

त्याचं घर साधं होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून गच्चीवर जाणारा जिना. बावीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना भिंत, खिडकी नाही. वर लोखंडी दार, ते वाऱ्याने आपटतं म्हणून कायम बंद. त्यामुळे भरदुपारीसुद्धा जिन्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. तिथली वायर फार पूर्वी उंदरांनी खाल्लेली. बायको वर्षानुवर्षं म्हणत होती की जिन्यात एक दिवा लावा. लोकांच्या घरची वीज सुरळीत करण्यात या माणसाला तेवढा वेळ मिळाला नव्हता.

रेडिएटरच्या पंख्यानंतर आठवड्याभरात त्याने जिन्यात नवा होल्डर ठोकला, गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब लावला, स्वच्छ पांढरी वायर ओढली. बायको पाव तास खूश होती. मग तिच्या लक्षात आलं की बटण नाही.

"बटण कुठंय?"

"बटण नाही. ही वायर वर गच्चीवर जाते. हा बल्ब वाऱ्यावर पेटणार."

"कधी?"

"महिन्याभरात."

"तोवर साध्या लाईटीवर लावा ना."

"छे! एकदा बिलाची वीज लागली की माणूस सुस्तावतो. हा बल्ब उपाशीच ठेवायचा. म्हणजे मला रोज टोचणी राहील."

अशी त्या घरात वाटणी झाली. टोचणी याला, अंधार तिला. रोज सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढायची ती, आणि टोचणी लागलेला माणूस दुकानात बसलेला. तिनेही मग आपली अट घातली. ती काही ऐकून घेणारी बाई नव्हती.

"गच्ची घ्या," ती म्हणाली. "पण माझ्या कपड्यांच्या दोरीला हात लावायचा नाही. टाकीमागचा कोपरा रिकामा पडलाय, तो तुमचा."

त्याला काय, आनंदच झाला. टाकीची भिंत भक्कम, खांब तिला आवळून बांधता येणार. मिळाला तो कोपरा गोड मानून त्याने पहिली चक्की उभी केली. एक नंबर.

एक नंबरची पाती लाकडाची होती. ती फिरली नाहीत. दोन नंबरची पाती त्याने प्लॅस्टिकच्या पाइपातून कापली. ती महिनाभर गप्प होती आणि मग एका वादळात इतकी फिरली की त्यातलं एक पातं सुटून शेजारच्या मास्तरांच्या उघड्या टाकीत जाऊन पडलं. मास्तर पातं घेऊन आले. बोलले काही नाहीत. पातं ओलं होतं. त्या दिवशी वारेवाल्याने शब्द दिला की चक्की पाण्याच्या टाकीपेक्षा उंच कधी नेणार नाही. तीन नंबरमध्ये चुंबकांनी आतल्या लोखंडाला असं काही धरलं की वारा राहिला बाजूला, हाताने फिरवायला दोन माणसं लागली. चार नंबरला त्याने लोखंडच काढून टाकलं आणि नुसत्या तांब्याच्या कॉइल घट्ट सुकणाऱ्या चिकटद्रवात बुडवून थाळीसारख्या बसवल्या. कॉइलच्या बाबतीत त्याच्या हाताला कुणी नाव ठेवणं शक्य नव्हतं. पाचवी तीन दिवस चालली, मग तिच्या शेपटीच्या पत्र्यावर कबुतरांनी संसार थाटला. सहावी घुमायची. बायको म्हणाली, तुम्ही दोघं एका सुरात घोरता.

सात नंबर मात्र खरी चीज होती. पाती हलकी, धार बरोबर, चुंबक बरोबर, वेढे बरोबर. दुकानात टेबलफॅनसमोर धरली की बल्ब लखलखायचा. त्याचा दोस्त वेल्डर हे बघायला आला आणि बराच वेळ बघत उभा राहिला.

"म्हणजे बिलाच्या विजेवर पंखा," वेल्डर म्हणाला, "पंख्याच्या वाऱ्यावर चक्की, आणि चक्कीवर बल्ब. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?"

"ही चाचणी आहे."

"पास झाली का?"

"इथे झाली."

वर गच्चीत तीच सात नंबर नुसती मान हलवायची. इकडे बघ, तिकडे बघ, अर्धी गिरकी, बस्स. वारेवाल्याने टाकीच्या कडेला वारा मोजायचं यंत्रही केलं होतं. प्लॅस्टिकचे चेंडू अर्धे कापून सायकलच्या तारांवर बसवलेले. रोज चार वाजता टॉर्च घेऊन तो वर जायचा आणि वहीत नोंद करायचा. तारीख, आणि पुढे "वारा: नाही". अशा अकरा वर्षांच्या वह्या. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला होता की अख्ख्या गल्लीत वारा आहे, आपल्याच घराला नाही. नशीब एकेकाचं, असं तो म्हणायचा आणि पात्याची धार आणखी घासायला बसायचा.

बायको पडली त्या दिवशी मंगळवार होता. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. हा दुकानात पातं घासत होता. मागून आधी बादली गडगडत आल्याचा आवाज आला. मग आणखी एक आवाज आला, तो बादलीचा नव्हता.

तो धावला. जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला तर आत मिट्ट काळोख.

"अगं, कुठे आहेस?"

"इथेच," ती म्हणाली. "दिसत नसेल. बल्ब लावा."

पायाचा घोटा आणि उजवं मनगट. दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? अंधारात पाय चुकला, ती म्हणाली. पावणेअकराला अंधार कुठला, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "जिना तसा आहे." यावर तिने आणखी काही बोलायला हवं होतं. चार माणसांत तिने त्याची चामडी सोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने मिठाची गुळणी धरली. त्याला अशी लाज वाटली की औषधांचा कागद हातात घेऊन तो चुकीच्या खिडकीशी अर्धा तास उभा राहिला.

घरी आल्याबरोबर तो बटण, वायर आणि पक्कड घेऊन जिन्याकडे निघाला.

"आता कशाला?" ती पलंगावरून म्हणाली. "आता मला कुठे चढायचंय?"

त्याने हातातलं बटण खिशात टाकलं.

लेक चार तासांवरच्या शहरात नोकरी करायची. ती दुसऱ्याच दिवशी आली. आईचा पाय बघितला, हात बघितला, मग जिन्यात जाऊन मोबाइलच्या उजेडात तो बल्ब बघितला.

"बाबा," ती बाहेर येऊन म्हणाली, "दिव्याखाली अंधार ही म्हण मी शाळेत शिकले. घरात बघितली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघेल. त्यानंतरच्या रविवारी मी गाडी घेऊन येते आणि आईला घेऊन जाते. कायमची. माझ्याकडे जिना नाही."

"आणि मी?"

"तुम्ही वाऱ्याची वाट बघा."

त्याने बायकोकडे बघितलं. ती प्लास्टरकडे बघत होती. जाते म्हणाली नाही, जात नाही असंही म्हणाली नाही. तीस वर्षांत ही बाई एवढा वेळ गप्प बसल्याचं त्याला आठवेना. तो घाबरला. कधी नव्हे इतका घाबरला. ती नसलेलं घर त्याने डोळ्यांसमोर आणून बघितलं, तर त्यात तो कुठे बसलाय हेच त्याला दिसेना.

मग ते सहा आठवडे. भांडी त्याने घासली, केर त्याने काढला, कपडेही त्यानेच धुतले. धुतले एवढंच म्हणू, स्वच्छ झाले की नाही ते वेगळं. पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवला होता, म्हणजे तिला तिथून जिना दिसत नसला तरी ओरडता यायचं.

"चादरी टाकीकडे नको!" ती खालून. "रस्त्याच्या अंगाच्या दोरीवर! तीन-तीन चिमटे!"

"तीन कशाला?" तो वरून.

"सांगते तेवढं करा! आणि रुमाल टाकीमागच्या तारेवर!"

एकदा तो चिमटे विसरला. चादर एका चिमट्यावर टाकून तो टाकीमागे गेला, यंत्र बघितलं, वही काढली, "वारा: नाही" लिहिलं. खाली आला तर दारात मास्तर. हातात चादर. या वेळीही ते काही बोलले नाहीत. चादर कोरडी होती.

आता याला काय म्हणावं! चादर शेजाऱ्याच्या घरी पोचली आणि याच्या वहीत वारा नाही. पण मोजणाऱ्या माणसाचं असंच असतं. यंत्र दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या अफवा.

जिन्याचं मात्र त्याला कळलं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी भरलेली बादली धरून, टॉर्चशिवाय तो अंधारात चढला आणि मध्येच त्याची बोटं पायरीला ठेचली. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी त्याने पायऱ्या मोजल्या आणि फूटपट्टी लावली. चौदावी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच होती. गवंड्याची चूक, तीस वर्षांची. वेढ्यात एकाचा फरक पडला तर ज्याला हाताला कळतो त्या माणसाला स्वतःच्या जिन्यातली दोन बोटं कळली नव्हती. त्याने खाली येऊन तिला सांगितलं.

"माहितेय," ती म्हणाली. "मी रोज मोजत चढायची. बारा, तेरा, मग पाय उंच. त्या दिवशी अकराव्या पायरीला तुम्ही दुकानातून ओरडलात, चहा टाक म्हणून. मोजणी चुकली."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही. वेल्डरला बोलावून जिन्याला वरपासून खालपर्यंत लोखंडी कठडा बसवला, कानशीने घासून गुळगुळीत केला आणि त्यावरून स्वतः डोळे मिटून हात फिरवून बघितला. चहाही त्या दिवसापासून तोच टाकायला लागला. चहा वाईट व्हायचा, ती प्यायची.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या, कठडा धरा, हळूहळू पायऱ्या चढल्या तरी चालेल. लेकीचा फोन आला की रविवारी साडेतीनला पोचते. बायको म्हणाली, "ये." एवढंच. वारेवाल्याने त्या आठवड्यात सात नंबरची पाती दोनदा बदलली, शेपटी लांब केली, आखूड केली. चक्की मान हलवत राहिली. आणि शनिवारी दुपारी त्याने जे केलं ते त्याने करायला नको होतं.

त्याने गाडीचा बल्ब काढून साधा बल्ब लावला आणि स्वयंपाकघराच्या बोर्डामागून गुपचूप वायर घेतली.  बत्तीस वर्षांत त्याने एकही जोडणी अशी लपवून केली नव्हती.

"अगं, ये. बघ."

ती काठी टेकत आली. जिना उजेडाने भरला होता. बावीसच्या बावीस पायऱ्या दिसत होत्या. ती खूप वेळ बघत राहिली.

"भिंत हिरवी आहे होय," ती म्हणाली. "मी विसरलेच होते."

"वाऱ्यावर पेटलाय," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. मग बरा झालेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं." तिचे डोळे भरून आले होते. त्याने मान खाली घातली. तिला वाटलं, त्यालाही भरून आलंय.

"बरं, सकाळच्या चादरी वाळल्या का?" तिने विचारलं.

"कुठल्या वाळतायत! आज पान हलत नाहीये."

बोलला आणि झालं. हात दाखवून अवलक्षण. बल्ब वर मख्ख जळत होता. तिने बल्बकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि खांद्यावरचा हात काढून घेतला.

"अकरा वर्षं अंधारात ठेवलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ते मी काढलं. का माहितेय? महिन्याभरात पेटेल म्हणालात ना, तेव्हा तुम्हाला ते खरंच वाटत होतं. वेडा असेल माझा नवरा, पण लबाड नाही, असं मी माझ्या बहिणींना तोंडावर सांगत आले. आज तेही गेलं."

"अगं, उद्या ती येणार, म्हणून मी..."

"कपाटावरची बॅग काढून द्या."

त्याने स्टुलावर चढून बॅग काढून दिली. धूळही पुसून दिली. मग बोर्डामागची वायर सोडवली, जिना पुन्हा काळा केला आणि मोठा पान्हा घेऊन गच्चीवर गेला. जाताना चौदाव्या पायरीला पाय बरोबर उचलला.

टाकीमागे त्याने सात नंबरचा पहिला नट सोडला. दुसरा सोडला. तिसरा गंजला होता, त्यावर तो पान्ह्याने ठोकायला लागला. खाली ती बॅगेत कपडे भरत होती. आवाज ऐकून ती जिन्याच्या तोंडाशी आली.

"काय करताय?"

"काढतोय."

"कुठे लावणार?"

"भंगारात."

वर दार उघडं होतं. त्याचा आवाज जिन्यातून घुमत खाली येत होता, आणि तो आवाज रागावलेला नव्हता, हेच तिला सोसेना. रागावला असता तर तिने बॅगेची चेन लावली असती.

"टाकीमागे वारा नाही," ती म्हणाली.

"माहितेय. अकरा वर्षांच्या वह्या आहेत."

"कधीच नव्हता. म्हणून तर रुमाल तिथे घालायला सांगते. उडत नाहीत."

पान्हा थांबला. तो दारात आला.

"मग वारा कुठंय?"

"दोरीवर."



"समोरच्या त्या दोन उंच इमारती आहेत ना, त्यांच्या फटीतून येतो," ती खालून सांगायला लागली. "दिवसभर नसला तरी चारला येतोच, आणि थेट दोरीवर. चादर तासाभरात वाळते. तीस वर्षं तिथेच घालतेय मी. टाकीमागे चुकून पोचत नाही."

"तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"आणि अकरा वर्षं बोलली नाहीस!"

"बोलले असते तर दोरी गेली असती. तुम्ही काय, वारा म्हटल्यावर मला चिमट्यासकट उचलून बाजूला ठेवलं असतं. वर तेवढा एकच कोपरा माझा होता. म्हणून तुम्हाला टाकीमागचा दिला." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि तुम्ही तरी कधी विचारलंत? यंत्राला विचारलंत."

तो पायऱ्या उतरायला लागला आणि चौदावीवर बसला. खाली ती काठीवर भार देऊन उभी.

"पडले ना त्या दिवशी," ती म्हणाली, "तेव्हा पहिलं काय मनात आलं सांगू? हा कोपरा आपणच दिला. डॉक्टरांसमोर काय बोलणार होते? लेकीसमोर काय बोलणार होते? तुम्ही बल्ब अडवून धरलात, मी वारा अडवून धरला. आणि आता तुम्ही एक खोटं बोललात तर मी बॅग भरायला निघाले. माझं तर अकरा वर्षांचं आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं इथे कुणीही म्हणेल. त्याला ते सुचलं नाही. त्याने हातातला पान्हा शेजारी ठेवला आणि तो रडायला लागला. नाक ओढत, दुकानातल्या मळक्या फडक्याने तोंड पुसत. ती बघत राहिली. मग म्हणाली, "पुरे. दोरी काढा माझी."

"नको."

"काढा म्हणते ना."

"नको. तुझा कोपरा आहे. चक्की भंगारात जाईल, जाऊ दे."

"हे बघा, मला उद्या जायचं की राहायचं ते अजून ठरलेलं नाही. पण भंगार घेऊन बसलेल्या माणसाजवळ मी काही राहणार नाही. वेल्डरभावजींना फोन लावा."

वेल्डर रविवारी सकाळी सातला आला. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "वहिनी, मी सात खांब जोडले हो तुमच्याकडे!" तो म्हणाला. ती म्हणाली, जोडणी चांगली होती. रस्त्याच्या अंगाचा दोरीचा लोखंडी खांबच कायम ठेवला आणि त्यावर सात नंबर चढवली, मास्तरांना दिलेल्या शब्दाप्रमाणे टाकीच्या उंचीच्या आत. दोरी गेली टाकीमागे. तिच्यावर त्या सकाळी धुतलेल्या चादरी, ओल्या. वारेवाल्याने खाली येऊन जिन्यात गाडीचा बल्ब परत बसवला. मग सहा आठवडे खिशात असलेलं बटण काढलं आणि शेजारी दुसरा होल्डर लावून त्यात साधा बल्ब बसवला, बिलाच्या विजेवरचा, उघडउघड. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने बघितलं, आणि त्या दिवशी चहा तिने टाकला.

लेक साडेतीनला आली. बॅग दाराशी होती. आईने तिला स्वयंपाकघरात नेलं, कठडा दाखवला, बटण दाखवलं. लेकीने बटण दाबलं, जिना उजळला.

"एवढंच तर हवं होतं, बाबा," ती म्हणाली. "तो शेजारचा आंधळा कशाला ठेवलाय?"

 चार वाजायला आले होते. वर काहीतरी सळसळलं. आधी हळू, मग एकसारखं. वारेवाला भिंतीला टेकून गाडीच्या बल्बकडे बघत होता.

"तो बंद कर," आई म्हणाली.

"आई!"

"बंद कर गं."

लेकीने बटण बंद केलं. जिना काळा झाला नाही. गाडीचा बल्ब पेटला होता. पिवळा, मंद, मध्येच जरा वर, मध्येच जरा खाली, पण पायरीवर पायरी दिसत होती. आईने काठी लेकीच्या हातात दिली, कठडा धरला आणि चढायला लागली. मागून तो, एक पायरी खाली, हात तिच्या पाठीशी धरून, लागणार नाही आणि सुटणार नाही असा. दोघं एकदमच मोजत होती. अकरा, बारा, तेरा.

तेराव्या पायरीवर बल्ब विझला.

खालून लेकीची घाबरी हाक आली. तिचा हात बटणाकडे गेला.

"थांब," आई अंधारातून म्हणाली. "लावू नकोस."

"पुढची दोन बोटं उंच आहे," तो म्हणाला. 

"माहितेय हो."

दोघं उभी राहिली. तिने मागे हात नेऊन त्याचं मनगट धरलं. ज्या हाताचं हाड मोडलं होतं त्याच हाताने धरलं, आणि चांगलं घट्ट धरलं.  मग वर लोखंडी दाराची कडी खट् करून वाजली.

"आला," ती म्हणाली. "कडी वाजली की येतो."

बल्ब पेटला. तिने पाय दोन बोटं जास्त उचलला आणि चौदाव्या पायरीवर ठेवला.

वरून खाली यायला त्यांना तास लागला. लेक मध्ये दोनदा वर जाऊन आली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा आई आणि बाबा टाकीमागे उभे होते, चादरी हाताने चाचपत, आणि या इथे कशा वाळणार यावर भांडत होते. येतेस का, असं तिने आईला विचारलं नाही, काय ते समजली.

संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा बॅग गाडीत होती. वारेवाल्यानेच उचलून ठेवली, आणि ती त्याला भलतीच जड लागली. आत तीन चादरी होत्या, दमट. लेकीच्या बाल्कनीत वारा चांगला होता. पुढच्या रविवारी वाळवून आणून दे, असं आईने तिला दारात उभं राहून बजावलं.